सराव बेळगावात, निष्कर्ष दिल्लीत

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला की मी आधी समोरच्याचं तोंड बघते. नातेवाईक असले तर 'पॉलिटिकल सायन्समधलंच आहे काहीतरी' म्हणून मोकळी होते. कॉलेजातलं कुणी असलं तर अख्खं शीर्षक सांगावं लागतं: 'हिंदी महासागर क्षेत्रातील संरक्षण व सुरक्षा सहकार्य: संयुक्त लष्करी सरावांचा अभ्यास'. त्यावर ठरलेला प्रश्न येतो. मग दिल्लीला का नाही गेलीस? निदान पुण्याला तरी जायचं, तिथं संरक्षणशास्त्राचा वेगळा विभाग आहे.

पुण्याला गेले होते की. एमए तिथलंच. विभाग चांगला, ग्रंथालय त्याहून चांगलं. पण पीएचडीचा विषय मला घरात बसून मिळाला. अप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांच्या बरोबरीच्या अनेकांसारखं त्यांनीही कॅम्पच्या आसपास, गणेशपूरच्या बाजूला घर बांधलं. आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला जेवढी माणसं चालायला निघतात तेवढी टिळकवाडीत आठ वाजतासुद्धा दिसायची नाहीत. रेजिमेंट १७६८ ची, तिचं सेंटर बेळगावात १९२२ पासून. त्यामुळं मिलिटरी महादेव, भरतीच्या आदल्या रात्री रस्त्याकडेला चादरी टाकून झोपलेली पोरं, पाठीवर ओझं घेऊन पळणारे कमांडो कोर्सचे जवान, हे सगळं आम्हाला रोजचं. अधूनमधून परदेशी तुकडी येते, तेही त्यातच जमा.

डिसेंबर २००८ मध्ये चीनची आली. २००९ मध्ये मालदीवची, आणि २०१७ च्या डिसेंबरात पुन्हा मालदीवची. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानची. माझ्या कामाला लागतात त्या एवढ्याच. बाहेरच्यांना वाटतं बेळगाव म्हणजे सीमाप्रश्न आणि कुंदा. आणि इथल्या माणसाला वाटतं, सराव म्हणजे कॅम्पातली चार दिवसांची गडबड, पेपरात एक फोटो, झालं.

आता संशोधनाकडे येते, कारण तक्रार तिथली आहे.

या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक लेख एका तक्त्यावर उभा असतो. सरावाचं नाव, देश, कितवी आवृत्ती, ठिकाण, दिवस. ओळी वाढल्या की निष्कर्ष लिहायचा: सहकार्य दृढ होत आहे. मीही तसला तक्ता केलाय, त्याशिवाय कोर्सवर्कला कुणी पुढं सरकू देत नाही. त्यातल्या 'ठिकाण' या रकान्यात बेळगाव असं लिहिलं की काम संपतं. खालची माहिती सरकारी प्रेस नोटमधून उचललेली असते आणि प्रेस नोट लग्नपत्रिकेसारखी, नावं तेवढी बदलायची. परस्पर सामंजस्य, दहशतवादविरोधी कारवाया, इंटरऑपरेबिलिटी (म्हणजे दोन सैन्यांना मिळून काम करता येणं), अनुभवांची देवाणघेवाण. देश मालदीव असो की जपान.

अप्पांना मी एकदा विचारलं, की खरं काय कळतं हो अशा सरावात? ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोला जाऊन आलेत, तिथं चार देशांच्या माणसांबरोबर राहिलेत. म्हणाले, ''तीन गोष्टी बघायच्या. त्यांचा हवालदार स्वतःच्या डोक्यानं काही करतो का साहेबाच्या तोंडाकडं बघत उभा राहतो. वायरलेसवर किती बोलतात. आणि जखमी माणसाला मागं न्यायला कोण धावतंय.'' मी हे वहीत लिहून घेतलं. इंटरऑपरेबिलिटी या शब्दाखाली जे काही मला आजवर वाचायला मिळालं, त्यात याच्याइतकं उपयोगी थोडंच होतं. दोन सैन्यांना उद्या एकत्र काम करायची वेळ आली तर अडतं ते इथंच. हुकूम किती खालपर्यंत जाऊन स्वतंत्र होतो, रेडिओ एकमेकांचा लागतो का, जखमीला कुणाच्या गाडीत घालायचं.

तर २००८. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. 'हँड इन हँड' नावाच्या भारत-चीन सरावाची ही दुसरी खेप. पहिली वर्षभर आधी कुन्मिंगला झालेली. चीनची एक कंपनी आली, आपल्याकडून मराठा लाइट इन्फंट्रीची आठवी बटालियन. विषय दहशतवादविरोधी कारवाई, आणि मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा दहा-बारा दिवस होत होते. गावात दुसरं बोलणंच नव्हतं. कॅम्पात चिनी सैनिक आलेत या बातमीला एरवी मिळाली असती त्याच्या निम्मीसुद्धा किंमत मिळाली नाही. अप्पांचे एक मित्र होते, बासष्टच्या लढाईत त्यांचे थोरले भाऊ होते, ते तेवढे महिनाभर कुरकुरत होते.

तिसरी खेप कधी झाली? २०१३ ला. मध्ये पाच वर्षांचं भगदाड. कारण २०१० च्या ऑगस्टमध्ये चीननं आपल्या उत्तर कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बी. एस. जसवाल यांना नेहमीचा व्हिसा नाकारला, जसवाल यांच्या कमांडमध्ये जम्मू-काश्मीर येतं म्हणून, आणि दिल्लीनं लष्करी देवाणघेवाण थांबवली. पुढं गाडी पुन्हा सुरू झाली: चेंगडू, पुणे, कुन्मिंग, परत पुणे. २०१७ ला डोकलामला दोन्ही सैन्यं आमनेसामने, त्या वर्षी सराव नाही. २०१८ ला चेंगडू, डिसेंबर २०१९ ला मेघालयातलं उमरोई. म्हणजे आठ आवृत्त्या. उमरोईनंतर सहा महिन्यांनी, १५ जून २०२० च्या रात्री, गलवानमध्ये आपले २० जवान गेले.

तक्त्याला विचारलं तर तो सांगतो आठ. भारताच्या कितीतरी मित्रदेशांबरोबर इतके झालेले नाहीत. तेव्हा आकड्यावरून मैत्री मोजणाऱ्यांनी या ओळीचं काय करायचं ते ठरवावं. बहुतेक जण ती ओळ गाळतात किंवा 'अपवाद' म्हणून तळटीपेत घालतात. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन सैन्यांमधला वाद आहे तसा आहे, सरावात त्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं, आणि सराव ज्या कामाचा, ते काम दोघांना मिळून कधी करावंच लागणार नाही. बेळगावात दोघांनी मिळून अतिरेक्यांना घेरलं खरं. पण भारत आणि चीन मिळून कुठल्या अतिरेक्यांना घेरणार होते? कवायत उत्तम झाली असेल. गरज नव्हती.

याच्या शेजारी मालदीवची ओळ ठेवून बघा.

मालदीव म्हणजे काही लाखांचा देश, सैन्य हाताच्या बोटावर. 'एकुवेरिन' हा सराव २००९ ला सुरू झाला तो बेळगावात. आणि २०१७ ला परत बेळगावात आला तेव्हाचा मामला मजेशीर आहे. तेव्हा मालेमध्ये अब्दुल्ला यामीन यांचं सरकार, चीनकडं उघड झुकलेलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यामीन बीजिंगला, चीनबरोबर मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. दिल्ली चिडलेली. आणि पुढच्याच आठवड्यात मालदीवची तुकडी बेळगावात, दोन आठवड्यांच्या सरावाला. दोन महिन्यांनी, २०१८ च्या फेब्रुवारीत, मालदीवमध्ये आणीबाणी आली आणि त्यांनी आपल्या 'मिलन' या नौदल सरावाचं निमंत्रण नाकारलं. वर एवढी ओढाताण, आणि खाली कॅम्पात त्यांचे आणि आपले जवान एकाच लंगरच्या रांगेत.

२०२३ ला तर 'इंडिया आउट'च्या घोषणेवर मोहम्मद मुइझ्झू निवडून आले. तिथं आपले ऐंशीच्या आसपास लष्करी लोक होते, दोन हेलिकॉप्टर आणि एका डॉर्नियर विमानासाठी. ते मे २०२४ पर्यंत परत आले. पण विमानं तिथंच राहिली, ती चालवायला गणवेश नसलेले तंत्रज्ञ गेले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एकुवेरिन पुन्हा झालं, मालदीवमध्येच.

हे का टिकलं? माझं म्हणणं असं, की तिथं काम खरं होतं आणि ते परत परत येत होतं. बेटावरच्या आजारी माणसाला मालेच्या हॉस्पिटलात न्यायचंय, त्याला हेलिकॉप्टर लागतं. त्यात तुमचं राष्ट्राध्यक्षपद कुणाकडं आहे याचा संबंध नाही. २००४ ची त्सुनामी आली, आपली जहाजं गेली. ४ डिसेंबर २०१४ ला मालेतल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि राजधानीत प्यायला पाणी नाही; दुसऱ्या दिवसापासून आपल्या हवाई दलाची विमानं पाणी घेऊन उतरायला लागली. राष्ट्राध्यक्ष तेव्हाही यामीनच होते. त्याच्याही मागं जायचं तर नोव्हेंबर १९८८, भाडोत्री बंडखोरांनी मालेवर हल्ला केला आणि आग्र्याहून निघालेले पॅराचे जवान त्याच रात्री हुलहुले विमानतळावर उतरले. तटरक्षक दलांचा 'दोस्ती' सराव १९९१ पासून चालू आहे, २०१२ ला श्रीलंका त्यात आली. समुद्रात बोट बुडायला लागली तर कुणाची बोट हे नंतर बघतात.

जपानच्या सरावावर मी फार लिहीत नाही. 'धर्मा गार्डियन', २७ फेब्रुवारी ते १० मार्च २०२२, पंधरावी मराठा आणि जपानची तिसावी इन्फंट्री रेजिमेंट, जंगल आणि निमशहरी भागातली कारवाई, प्लाटून पातळीवर. युक्रेनवर रशिया चालून गेल्याला तीन दिवस झालेले, आणि १ मार्चला खारकिव्हमध्ये हावेरीचा एक विद्यार्थी मारला गेला. त्या आठवड्यात आमच्या जिल्ह्यातली किती तरी घरं फोनला चिकटून होती, पोरं तिकडं एमबीबीएसला. जपानी तुकडीकडं कुणाचं लक्ष असणार. शिवाय जपान माझ्या विषयाच्या चौकटीत ओढूनताणूनच बसतो.

मूळ मुद्दा मला कुठं सुचला ते सांगते. पुस्तकात सुचला असता तर गाईडसर जास्त खूश झाले असते.

माझी मावशी कागवाड तालुक्यात जुगूळला दिलेली. गाव कृष्णेच्या काठावर, समोरच्या काठाला महाराष्ट्र. पावसाळ्यात मावशीचा मोबाइल म्हणजे पाटबंधारे खात्याचं ऑफिस. राधानगरीचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून किती क्युसेक सोडले, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर. एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळाली की पाणी राजापूर बंधाऱ्यावरून इकडं येणार, त्याला किती तास लागतात हे मावशीला पाठ. मराठीत आलेला मेसेज ती शेजारच्या गौडांच्या घरात कन्नडमध्ये सांगते, आणि खालच्या अंगाच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा कन्नडमध्ये आलेला आकडा शिरोळच्या तिच्या नणंदेला मराठीत. गेल्या पुरात तिनं म्हशी बाहेर काढल्या त्या कुठल्या सरकारी इशाऱ्यावर नाही काढल्या, कोल्हापूरच्या एका भाच्याच्या मेसेजवर काढल्या. ''काय लिहायलीस गं एवढं?'' असं ती मला दर वेळी विचारते, आणि मी दर वेळी सांगते, की तुझंच लिहायलेय.

आता वरच्या पातळीवर बघा. महाराष्ट्र आणि कर्नाटक २००४ पासून सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर आहेत. आलमट्टीच्या उंचीवरूनही भांडण आहे: आत्ताची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, कृष्णा लवादानं २०१० मध्ये ५२४.२५६ पर्यंत न्यायला मुभा दिली, आणि सांगली-कोल्हापूरचा त्याला विरोध. तणाव वाढला की सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस, एसटी तिकडं थांबते, केएसआरटीसी इकडं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि इकडं चिकोडी, अथणी, दोन्ही बाजू एकाच पाण्यात बुडाल्या. त्यानंतर जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन येडियुरप्पांना भेटले, कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या पुराच्या नियोजनावर, पाण्याची माहिती एकमेकांना ताबडतोब द्यायची यावर. त्या बैठकीत सीमाप्रश्न सोडवायला बसले असते तर पाण्याचं बोलणं झालंच नसतं. दावा दाव्याच्या जागी, दरवाजे दरवाज्यांच्या जागी.

देशांच्या पातळीवर हेच सार्कमध्ये, दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेत, दिसतं. सार्कची सनद १९८५ ची. तिच्या दहाव्या कलमात लिहून ठेवलंय, की द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेत आणायचे नाहीत. सार्क त्या कलमामुळं मेली असं अनेक जण लिहितात. मला ते पटत नाही. वाद बाजूला ठेवणं ही चांगलीच सोय आहे, आम्ही सीमाभागात रोज तेच करतो. बेळगावच्या शनिवार खुटावर कापड घेताना कुणी सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल काढत नाही. सार्कची अडचण वेगळी. वाद बाहेर ठेवून आत करायला जे काम पाहिजे होतं, ज्याच्यावाचून कुणाचं तरी अडेल असं, तेच नव्हतं. काठमांडूला २०१४ मध्ये शिखर परिषद झाली, पुढची २०१६ ला इस्लामाबादला व्हायची ती उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली, आणि तिच्यावाचून कुणाचं काही बिघडलं नाही.

मग बिमस्टेक, बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट, पुढं केलं गेलं. सप्टेंबर २०१८ मध्ये पुण्यात औंधला बिमस्टेकचा पहिला लष्करी सराव. नेपाळनं ऐन वेळी तुकडी पाठवायला नकार दिला, निरीक्षक तेवढे पाठवले. थायलंडचेही निरीक्षकच. आणि तो सराव संपल्यावर लगेच नेपाळची तुकडी चीनबरोबरच्या सरावाला गेली. यावर 'भारताची पकड सैल' अशा मथळ्याचे लेख निघाले. माझा प्रश्न साधा आहे: काठमांडूच्या सैनिकाला औंधला येऊन जे शिकायचं होतं ते त्याला नेमकं कधी लागणार होतं? भूकंपात लागलं असतं. २०१५ ला लागलंही होतं, तेव्हा बोलवायला परिषद भरवावी लागली नाही.

सध्या माझी नजर कोलंबो सिक्युरिटी कॉन्क्लेव्हवर आहे. २०११ ला भारत, श्रीलंका आणि मालदीव या तिघांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांची बैठक म्हणून सुरू झालं, काही वर्षं थंड पडलं, २०२० ला परत उभं केलं. २०२२ ला मॉरिशस आलं, २०२४ ला बांगलादेश, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलंबोत सनदेवर सह्या. सागरी सुरक्षा, दहशतवाद, तस्करी आणि संघटित गुन्हेगारी, सायबर, आपत्तीतली मदत, असे पाच विषय. डिसेंबर २०२३ च्या बैठकीला मालदीव आलंच नाही, मुइझ्झू नुकतेच आलेले. आणि आठ-नऊ महिन्यांत सनदेवर मात्र सही केली. चीनच्या ओळीत जे भगदाड पाच वर्षांचं होतं ते इथं वर्षभरसुद्धा टिकलं नाही. पाचांपैकी कुठल्या विषयाला काम आहे आणि कुठला नुसता कागदावर आहे, हे मला शोधायचंय. माझा अंदाज, तस्करी आणि आपत्ती टिकतील. दहशतवादाच्या रकान्यात प्रत्येक देशाचा दहशतवादी वेगळा, तो रकाना भाषणांनी भरेल.

हे सगळं प्रगती अहवालात मांडलं तेव्हा समितीतल्या एका बाहेरच्या सरांनी विचारलं, की आंतरराष्ट्रीय संबंधांच्या प्रबंधात दोन राज्यांच्या धरणांचं काय काम? मी म्हटलं, सर, सार्वभौमत्व सोडलं तर बाकी सगळं तेच आहे. वाद न्यायालयात, लोक दोन्हीकडं, पाणी एकच. ते हसले. म्हणाले, ''सार्वभौमत्व सोडलं तर! मग उरलं काय?'' माझ्या मते बरंच उरतं. रात्री दोनला फोन कोण उचलतं, हे उरतं. पण प्रबंधात असं लिहून चालत नाही, 'संस्थात्मक संवादाची नियमितता' असं लिहावं लागतं.

अडचणी आहेत. सेंटरमधून कागद मिळणार नाहीत, ते अपेक्षितच. माहिती अधिकारात विचारलं तर सुरक्षेचं कलम लावून उत्तर येतं, त्यात वावगं काही नाही. बोलतात ते निवृत्त झालेले, तेही अप्पांच्या भरवशावर, चहा झाल्यावर. रेशनवर काम केलेले एक काका तासभर तांदळावर बोलले. परदेशी तुकडी आली की पहिला कागद रेशनचा येतो म्हणे, ऑपरेशनचा नंतर. कोण काय खात नाही, कुणाला मांस कसं कापलेलं लागतं, मिरची किती. मी वैतागून वही मिटणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, की पूर आला, भूकंप झाला, दोन सैन्यं एका ठिकाणी उतरली, तर पहिल्या दिवशी हेच अडतं. वही परत उघडली.

गेस्ट लेक्चररच्या पगारात कोलंबोला जाणं होणार नाही. मालेचं तर सोडाच. तिथल्या माणसांशी बोलणं होईल ते व्हिडिओ कॉलवर, आणि ते किती मोकळं बोलतील देव जाणे. जुगूळला मात्र बस जाते.

गाईडसरांनी आलमट्टीचा भाग परिशिष्टात हलवायला सांगितलाय. मी तो पाचव्या प्रकरणातच ठेवलाय, मालदीवच्या पाण्याला लागून. प्री-सबमिशनला काय व्हायचं ते होईल.